मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांचा विरंगुळा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातूर आणि बीडच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी आम्ही काही जण ज्येष्ठांचा कट्टा चालवतो. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुलं, मुली, सुना आम्हाला फोन करतात. "आईचा वेळ जात नाही", "आबा घरात चिडचिड करतात", "काहीतरी छंद लावा त्यांना". प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. यातलं बरंचसं पारावर, देवळात आणि लोकांच्या ओसरीवर बसून शिकलेलं आहे.

आबांना विचारलं, "तुमचा विरंगुळा काय?" तर म्हणाले, "मला कशाचा आलाय विरंगुळा?" असं का म्हणतात?

कारण हा शब्द त्यांच्या तोंडातला नाही. ते म्हणतात, "जरा बसून आलो." त्या बसण्यात सगळं येतं: चहा, तंबाखूची चंची, पावसापाण्याच्या गोष्टी, कुणाची सोयरीक जमली आणि कुणाची मोडली. शेतकऱ्याच्या घरात नुसतं रिकामं बसणं लाजिरवाणं मानतात, त्यामुळे हातही चालूच असतात. बाप्ये वाखाची दोरी वळतात, बायका वाती वळतात, शेंगा फोडतात, डाळ निवडतात. काम कुठं संपलं आणि करमणूक कुठं सुरू झाली हे त्यांनाही सांगता येणार नाही. "दिवसभर कुठं असता, कोणासंगं असता?" असं विचारून बघा. तासभर बोलतील.

पारावर रोज तीच माणसं, तेच बोलणं. कंटाळा येत नाही का?

नाही येत. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, तीही वर्षानुवर्षं. सकाळी ऊन कोवळं असताना मारुतीच्या पारावर, दुपारी लिंबाखाली, दिवस कलला की एखाद्या जुन्या वाड्याच्या ढाळजेत. ढाळज म्हणजे वाड्याच्या दारातून आत गेल्या गेल्या दोन्ही बाजूंना असणारी उंच बैठक. घरातलं कुणीही न उठता बाहेरच्या माणसाला तिथं टेकता येतं. आपल्या जुन्या घरांनी म्हाताऱ्या माणसाची बसायची सोय भिंतीबरोबरच बांधून ठेवली होती, असं मला नेहमी वाटतं.

आणि बोलणं तेच नसतं. मृगात पेरलं तर काय झालं, आर्द्रा कशी गेली, सोयाबीनला काय भाव फुटला, हे दरवर्षी नवं असतं. पंच्याऐंशीच्या पुढची जी थोडी माणसं उरलीत, ती अजून निजामाच्या राजवटीतलं बोलतात. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. पुस्तकं त्याला मुक्तिसंग्राम म्हणतात, पारावर मात्र "पोलीस ॲक्शनच्या टायमाला" असंच म्हणतात. कोण कोणत्या गावाला पळालं, कुणाच्या कडब्याच्या गंजीत कोण लपलं, हाली शिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या चलनाचे, रुपये कसे होते, हे सगळं त्यांच्याकडून ऐकण्यासारखं आहे.

त्या काळी शाळेचं माध्यम उर्दू होतं. त्यामुळे गंध लावणारे, माळ घालणारे आजोबाही झरझर उर्दू वाचायचे. 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं उघडली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. आमच्या कट्ट्यावरच्या एका आजोबांकडे त्या वेळी लोक घरातले जुने कागद घेऊन यायला लागले. चष्मा पुसून, कागद उन्हाला धरून ते अक्षर अक्षर लावत बसायचे. त्या दोन महिन्यांत त्यांचं गुडघ्याचं दुखणं मी एकदाही ऐकलं नाही.

पारावर बायका का नसतात?

पार हा बाप्यांचा. ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिच्यामुळे बायकांना विरंगुळाच नसतो असा समज होतो. त्यांच्या बसायच्या जागा वेगळ्या आहेत: शेजारणीची ओसरी, देवळाची मागची बाजू, उन्हाळ्यात माळवद, म्हणजे घराचं सपाट मातीचं छत. चैत्र-वैशाखात माळवदावर कुरडया, पापड, सांडगे, खारोड्या घातल्या जातात आणि राखणीला म्हातारी बसते. हातात काठी, डोक्यावर पदर, शेजारच्या माळवदावर दुसरी म्हातारी. दोघी तिथूनच एकमेकींशी बोलतात.

गोधडीचं तर विचारूच नका. जुनेर सोडवून, धुऊन, थरावर थर अंथरतात. चार बायका चार कोपऱ्यांवर बसतात आणि बाहेरून आत धागे घालत येतात. टाके जसजसे आत सरकतात तशा बायकाही सरकतात, आणि शेवटी चौघींचे गुडघे एकमेकींना लागतात. तोवर सुनेची तक्रार, लेकीची काळजी, नवऱ्याच्या आठवणी, सगळं बोलून झालेलं असतं. कुठलं लुगडं कुणाचं, कधी घेतलं, कोणत्या बाजारात, हे बोटानं दाखवून सांगतात. माझ्या आईनं एका गोधडीत माझ्या आजीचं हिरवं लुगडं घातलंय, आणि ती पाहुण्यांना गोधडी अंथरताना ती बाजू नेहमी स्वतःकडे ठेवते.

जात्यावरच्या ओव्या अजून कुणी म्हणतं का?

जातं गेलं, गिरणी आली, तशी ओवीची रोजची वेळ गेली. पण सत्तरीच्या पुढच्या बायकांना ओव्या पाठ आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. एकदा आईला, आजीला त्या ऐकवून बघा. "असं नाही म्हणत, आमच्याकडं येगळी हाय" म्हणत ती स्वतः सुरू होईल. एक सांगतो, खुर्चीत बसवून "गा" म्हटलं की ओवी येत नाही. हाताखाली सूप नाहीतर निवडायला डाळ द्या.

देवाधर्मात वेळ घालवणं याला छंद म्हणायचं का?

काहीही म्हणा, पण मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचं वर्ष त्यावरच चालतं. पैठणला नाथ, आपेगावला ज्ञानोबा, नरसीला नामदेव, गंगाखेडला जनाबाई, तेरला गोरोबा, जांबला रामदास. वीस-पंचवीस कोसांवर कुणी ना कुणी संत आहेच. त्यामुळे सप्ताह, दिंडी आणि भजन गावोगावी आहे.

सप्ताहातला पहारा तुम्ही कधी जवळून पाहिलाय का? सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली ठेवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावतात आणि फळ्यावर नावं लिहितात. रात्री दोन ते चारचा पहारा सहसा म्हातारे घेतात, "पोरांना झोप आवरत नाही" म्हणून. मध्यरात्री देवळात एकटा म्हातारा गळ्यात वीणा घालून हळूहळू पावलं टाकतोय, समोर समई, ओट्यावर पुढच्या पाळीचा माणूस घोंगडी घेऊन आडवा झालाय. घरी ज्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही, त्याच्यावाचून त्या दोन तासांत गावाचं नाम तुटणार असतं. आमच्या कट्ट्याचं सगळं काम मी या पहाऱ्यावरून शिकलो. म्हाताऱ्या माणसाला करमणूक आणून देऊ नका, त्याची पाळी लावा.

रीत प्रत्येक समाजाची वेगळी, पाळी मात्र सगळीकडे आहे. श्रावणात देवळात पोथी लागते. एक जण वाचतो आणि दुसरा, त्याला सूचक म्हणतात, अर्थ सांगतो. लिंगायत घरांत मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य'चं पारायण होतं आणि कपिलधारला पायी दिंड्या जातात. बुद्धविहारात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. माझ्या ओळखीच्या एक आजी साक्षरतेच्या वर्गात शिकल्या त्याच या ग्रंथासाठी. आता त्यांचा आठवड्यातला एक दिवस ठरलेला आहे, त्या दिवशी त्या लेकीकडेही जात नाहीत. मशिदीबाहेरच्या ओट्यावर असर आणि मगरिब या संध्याकाळच्या नमाजांच्या मधल्या वेळात बुजुर्गांची बैठक बसते. खुलताबादच्या उरुसाला, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याला सगळ्याच जातीधर्मांची म्हातारी माणसं जातात. नवरात्र जवळ आलं की तुळजापूरच्या वाटेवर आराधी मेळ्यांची गाणी ऐकू येतात. कवड्यांची माळ घातलेल्या सत्तरीच्या बायका तिथं रात्र रात्र गातात.

सगळ्यांना सगळीकडे बसता येतं का?

नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. कितीतरी गावांत आजही पारावर कुणी वर बसायचं आणि कुणी खाली, हे न सांगता ठरलेलं असतं. दलित वस्तीवरची माणसं म्हणूनच आपला विहार, आपला कट्टा धरून असतात. विधवा बायकांचं तसंच. साठ वर्षांची बाई सगळ्या गल्लीच्या लग्नांत राबलेली असते, पण कुंकू पुसलं की हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. आमच्याकडे संक्रांतीला आम्ही वाण सगळ्यांना देतो. पहिल्या वर्षी तिघी आल्या होत्या, आणि त्याही दाराशीच उभ्या राहिल्या. संस्कृती माणसाला जागा देते तशी जागा नाकारतेही. ज्येष्ठांसाठी काही करायचं असेल तर कोण आलंय याच्या आधी कोण आलेलं नाही ते बघा.

वेळ अमावस्येला आई-आबा गावाला जायचा हट्ट धरतात. एवढं काय असतं त्यात?

तुम्ही लातूर-धाराशिवकडचे असाल तर हा प्रश्न तुम्ही विचारायला नको होता. डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला येणारी ही अमावस्या, आमच्याकडे येळवस. लातूर शहर त्या दिवशी ओस पडतं आणि सगळे शिवारात असतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील शिंपडत रानाभोवती फेरी मारायची. आरोळी कुठल्या सुरात द्यायची, तिच्यातले कानडी वळणाचे शब्द कसे म्हणायचे, कोपीचं तोंड कुठं ठेवायचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक असतं. आंबील किती आंबवायची आणि भज्जीत कोणकोणत्या भाज्या पडायच्या, ते आजीला. वर्षातला हा एक दिवस असा आहे की शिकलेली पोरं मुकाट्यानं म्हाताऱ्याच्या मागून चालतात. न्या त्यांना. रजा टाका.

पुढं हुरडा येतो. आगटीजवळ बसून कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून पुढच्याच्या हातात द्यायची. दात नसले तरी कोवळा हुरडा खाता येतो.

पत्ते खेळणं चांगलं की वाईट?

पैसे लावले नाहीत तर चांगलंच. बाप्यांमध्ये मेंढीकोट चालतो. बायकांना चल्लसआठ आठवतो का विचारा: फरशीवर खडूनं पाच बाय पाचचा पट काढायचा आणि चार कवड्या टाकायच्या. कवड्या मिळाल्या नाहीत तर फोडलेले चिंचोके चालतात. सगळ्या उताण्या पडल्या की चार, सगळ्या पालथ्या पडल्या की आठ. डोकं चालतं, हात चालतो, भांडणही होतं. भांडण झालं तर मिटवायला जाऊ नका.

आई-बाबा ऊसतोडीला गेले की मागं राहिलेल्या आजी-आजोबांचं काय?

बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत दसरा-दिवाळीनंतर तरणी माणसं दिसतच नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन साखर कारखान्याला जातो आणि मार्च-एप्रिलला परततो. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. या पाच महिन्यांत आजीला विरंगुळा विचारणं म्हणजे तिची चेष्टा करण्यासारखं आहे. पाणी, भाकरी, शाळा, जित्राबं सगळं तिच्यावर. तरी रात्री नातवंडं पांघरुणात घेऊन ती कहाण्या सांगते. तिला तेवढाच विसावा असतो आणि पोरांनाही. अशा गावात कार्यक्रम घ्यायचा असेल तर तो शाळेच्या वेळात घ्या आणि नातवंडांसकट घ्या. संध्याकाळी बोलावलं तर एकही आजी येणार नाही.

भूकंपानंतरच्या नव्या गावांत माणसं एकमेकांकडे कमी जातात म्हणतात, ते का?

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारी आणि आसपासची दगडमातीची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढं पुनर्वसनात सुरक्षित घरं आली, रुंद रस्ते आले, सरळ रेषेतले प्लॉट आले. ते आवश्यकच होतं. पण जुन्या गावात पाच पावलांवर असलेला सोबती नव्या गावात पाव कोसावर गेला. ढाळज राहिली नाही, बोळ राहिले नाहीत, लावलेली झाडं मोठी व्हायला वर्षं गेली. चालता येणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, काठी टेकत जाणाऱ्याला जाणवतो. आता तिथली झाडं सावली देण्याइतकी झालीत आणि त्यांच्याभोवती लोकांनी स्वतः पार बांधलेत.

आई-वडिलांना शहरात आमच्याकडे आणलं, पण त्यांचं मन रमत नाही. काय करावं?

मी स्वतः यात चुकलोय, म्हणून थोडं लांब सांगतो. वडिलांना मी पुण्याला घेऊन गेलो. नवा बूट घेतला, जवळच्या बागेचा पास काढला, कॅरम आणला. ते दोन दिवस बागेत गेले. तिथं सगळे जण गोल गोल चालायचे, कुणी कुणाशी बोलायचं नाही. तिसऱ्या दिवसापासून ते खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसायला लागले. वॉचमन नांदेडकडचा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठलं गाव?" म्हणून विचारायचे. सोसायटीच्या लोकांनी मला बोलावून सांगितलं की गेटवर असं बसणं बरं दिसत नाही. मी ते वडिलांना सांगितलं. तेव्हा सोसायटीशी भांडायला हवं होतं, ते मी केलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. वडील काही बोलले नाहीत. आठवड्यानं म्हणाले, "मला येष्टीत बसवून दे."

त्यांनी पार शोधला होता आणि मी तो काढून घेतला. तुम्ही तसं करू नका. गेटवर, दुकानाच्या पायरीवर, इस्त्रीवाल्याच्या गाडीपाशी ते बसत असतील तर बसू द्या. जवळ भजनी मंडळ, विहार, मशीद, ज्येष्ठ नागरिक संघ काय आहे ते आधी स्वतः जाऊन बघा, आणि पहिले चार-पाच दिवस सोबत जा. छत्रपती संभाजीनगरात हिमायत बागेसारख्या ठिकाणी सकाळी फिरायला येणाऱ्यांचे गट आहेत. त्यांत गावाकडच्या माणसाला ओळखी करणं सोपं जातं, कारण सगळेच कुठून ना कुठून आलेले असतात.

एसटीचा प्रवास फुकट झाल्यापासून आजी घरात थांबतच नाही. एकटीला जाऊ द्यावं का?

जाऊ द्या! ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांपुढच्यांना एसटी मोफत झाली. 65 ते 75 मधल्यांना अर्धं तिकीट आधीपासून आहे आणि मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांसाठी यापेक्षा मोठी करमणुकीची सोय मला दुसरी आठवत नाही. तीस तीस वर्षं माहेरी न गेलेल्या बायका आता भावाला भेटून येतात. परळी, औंढा, घृष्णेश्वर, माहूर, तुळजापूर एका पिशवीवर होतं. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ असू द्या, गोळ्या पिशवीच्या वरच्या खणात ठेवा, आणि एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात तुमचा नंबर लिहून द्या.

मोबाईलमुळे बिघडतात का?

कीर्तनं ऐकतात, तुरीचा भाव बघतात, नातवाचा चेहरा बघतात. ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा असतो, त्यावर ओरडू नका. एवढंच सांभाळा की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे महिन्यातून एकदा तरी त्यांना सांगा. एकटी माणसं फोनवरच्या गोड बोलण्याला लवकर फसतात.

आम्ही गावात ज्येष्ठांसाठी केंद्र काढतोय. इमारत कशी असावी?

इमारत नंतर बघा. एका गावात चांगली खोली बांधली, टीव्ही बसवला, वेळ ठरवली सकाळी 11 ते 5, आणि किल्ली गावाबाहेर राहणाऱ्या माणसाकडे. वर्षभरात तिथं खतांची पोती लागली. माणसं आधीच जिथं बसतात तिथं सावली, पाण्याचा रांजण, टेकायला पाठ आणि जवळ स्वच्छ मुतारी करा. बायकांसाठी हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. सोय नसेल तर त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि तासाभरात उठून जातात. मग पाळ्या लावा: पेपर मोठ्यानं वाचायची पाळी, चहाची पाळी, जो दोन दिवस दिसला नाही त्याच्या घरी जाऊन यायची पाळी. आमच्याकडे ही शेवटची पाळी लोक भांडून मागून घेतात.

कुणी घरात त्रासात असेल, एकटं पडलं असेल, तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. नंबर भिंतीवर रंगवून ठेवा.

आईला फोन केला की "बरं आहे" एवढंच बोलते. काय बोलावं?

रात्री आठनंतर करा. हरिपाठ सुटलेला असतो, भाकरी झालेली असते. "जेवलीस का, गोळी घेतलीस का" यावर "हो"च्या पुढं काय बोलणार ती? "आज ओसरीवर कोण कोण आलतं?" असं विचारा, आणि फोन कानाला नीट धरून बसा.